घरी मशीनने कटिंग कशी करायची (आणि तरीही सलूनवाल्याशी संबंध कसे टिकवायचे)

आधीच सांगतो, हे सलून बंद पाडायचं आंदोलन नाहीये. २०२० मध्ये मार्चच्या शेवटी सगळं बंद झालं आणि महाराष्ट्रात सलूनं उघडायला २८ जून उजाडला, तेही केस कापण्यासारख्या मोजक्या कामांना, दाढीला परवानगी नाहीच. त्या तीन महिन्यांत पुण्यात घरोघरी मशीन आलं आणि बायको, भाऊ, रूममेट जो हाताशी सापडेल तो न्हावी झाला. त्यातली बरीच मशीनं आज माळ्यावर पडून आहेत, कारण लोकांनी पहिल्याच दिवशी अख्खी कटिंग शून्यापासून करायला घेतली, डोक्यावर पायऱ्या पडल्या आणि मग परत कुणी त्याला हात लावला नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. कटचा आकार सलूनवाल्याला देऊ दे, तुम्ही घरी फक्त तो आकार टिकवा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. आता बाजूला २ नंबर मारलेला असेल तर तिथे केस ६ मिलिमीटरचे असतात, तीन आठवड्यांत ते दुपटीच्या वर जातात आणि माणूस गबाळा दिसायला लागतो. वरचे केस सहा सेंटीमीटरचे असतील तर ते पावणेसात झालेले कुणाच्या लक्षातही येत नाहीत. म्हणजे खराब दिसतात त्या फक्त बाजू, मान आणि कल्ले, आणि मशीनचं काम नेमकं तिथेच सोपं असतं. वरच्या केसांना कात्री लावायला खरा हात लागतो, तो सलूनवाल्याकडे आहे, त्याचे पैसे त्याला द्या. दोन-तीन महिन्यांतून एकदा सलून आणि मधल्या काळात घर, हे गणित बसतं.

सुरुवात सलूनमध्येच

पुढच्या वेळी खुर्चीत बसाल तेव्हा मोबाईल खिशात ठेवा आणि बघा तो काय करतोय. सरळ विचारा, "दादा, बाजूला कितीचा मारला?" तो म्हणेल, "खाली दोन, वर तीन, मग कंगव्यावर कात्री." बास, यात अर्धा नकाशा आला. मग विचारा की २ नंबर कुठपर्यंत नेला, आणि मान गोल केलीये, चौकोनी केलीये की खालीखाली विरत नेलीये. सांगतात सगळे, रविवारची सकाळ सोडून गेलात तर जास्त नीट सांगतात. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून केस वाळले की चार फोटो काढून घ्या: डावी बाजू, उजवी बाजू, मागून आणि मान खाली घालून मागून. हे फोटो नंतर फार कामाला येतात, कारण तीन आठवड्यांनी कुठला टप्पा कुठे होता हे कुणालाच आठवत नाही.

मशीन कुठलं

दाढीचा ट्रिमर आणि केसांचं क्लिपर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ट्रिमरचं ब्लेड अरुंद, मोटर छोटी, त्याने डोकं करायला बसलात तर वेळ दुप्पट लागतो, मशीन तापतं आणि दाट केसात अडकून ओढतं, समोरचा "आई गं" करून उठतो. क्लिपरचं ब्लेड चार-साडेचार सेंटीमीटर रुंद असतं. पण ट्रिमर टाकून देऊ नका, कानामागे आणि मानेच्या कडेला तोच बरा पडतो. बुधवार पेठेत किंवा जवळच्या दुकानात जाऊन शक्य असेल तर मशीन हातात धरून बघा, फार जड असेल तर दहा मिनिटांत मनगट भरून येतं आणि मग हात घाई करायला लागतो. वायरवालं की बॅटरीवालं हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न, फक्त बॅटरीवालं असेल तर आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा, बऱ्याच मशीनचं ब्लेड बॅटरी उतरली की मंद होतं आणि केस कापण्याऐवजी उपटायला लागतं.

एक खास पुणेरी भानगड: अमेरिकेतून कुणीतरी आणलेलं मशीन. तिकडची वीज १२० व्होल्ट ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्ट ५० हर्ट्झची. चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असेल तर काही प्रश्न नाही, नुसती पिन बदला. पण जुन्या पद्धतीचं, विद्युतचुंबकावर थरथरणारं वायरवालं मशीन असेल आणि त्यावर फक्त १२० लिहिलं असेल तर ते नुसती पिन बदलून लावू नका, जळेल. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरतात पण हर्ट्झ तेच राहतात, आणि त्या मशीनचं ब्लेड विजेच्या तालावरच हलतं, तिकडे मिनिटाला ७२०० वेळा, इकडे ६०००. म्हणून ते इथे खडखडतं आणि नीट कापत नाही. अशा मशीनच्या बाजूला एक स्क्रू असतो, तो किंचित फिरवून खडखडाट कमी करता येतो, पण मी म्हणेन मावशीला थँक्यू म्हणा आणि इथलंच घ्या.

नंबर म्हणजे किती

ही गोष्ट नीट वाचा, सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. सलूनवाल्यांच्या भाषेत १ नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे १०च्या आसपास, ४ म्हणजे १३, ६ म्हणजे १९ आणि ८ म्हणजे २५, थोडक्यात प्रत्येक नंबर म्हणजे इंचाचा आठवा भाग. पण बऱ्याच घरगुती मशीनच्या गार्डवर, म्हणजे ब्लेडवर बसवायच्या कंगव्यासारख्या टोपणावर, थेट मिलिमीटर छापलेले असतात, ३, ६, ९, १२ असे. म्हणजे सलूनवाला म्हणाला "तीन" आणि तुम्ही घरी येऊन ३ लिहिलेला गार्ड लावला तर त्याच्या हिशोबात तो १ नंबर झाला, आणि केस संपले. गार्डच्या पाठीमागे मि.मी. लिहिलंय का ते आधी बघा, आणि नसेलच कळत तर सरळ पट्टीने मोजा.

बऱ्याच क्लिपरना बाजूला एक लिव्हर असतं. ते बंद असलं की ब्लेड सगळ्यात बारीक कापतं, उघडलं की थोडं लांब. गार्ड लावल्यावरही हा फरक पडतोच, म्हणजे २ नंबर आणि उघडं लिव्हर हा २ आणि ३ च्या मधला नंबर झाला. पायऱ्या मोडायला हाच मधला नंबर उपयोगी पडतो, पुढे सांगतो.

बसायची सोय

केस स्वच्छ आणि पूर्ण कोरडे हवेत. शनिवारी रात्री तेल चोपडून रविवारी सकाळी तसंच मशीन लावलं तर केस चिकटून बसतात आणि ब्लेड बुजतं. ओले केस लोळतात, लांबीचा अंदाज येत नाही, वाळल्यावर आखूड दिसतात. म्हणून आधी न्हाणं, मग वाळवणं, मग कटिंग, आणि त्यानंतर परत एकदा अंघोळ, इलाज नाही. आणि हो, गुरुवार टाळा. पुण्यात देखभालीसाठी पाणी बंद ठेवायचं तर बहुतेक वेळा गुरुवारीच ठेवतात, वीजही कधी कधी जाते, आणि अंगभर केस टोचत असताना नळाला पाणी नाही ही वेळ शत्रूवरसुद्धा येऊ नये.

गॅलरीत बसायचा मोह होतो, उजेड छान असतो, पण वारा आला की केस खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातात आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव निघतं. खिडकीजवळ फरशीवर स्टूल ठेवा, खाली जुनी चादर किंवा वर्तमानपत्र. पंखा बंद. मानेभोवती आधी टिश्यू किंवा मऊ नॅपकिन गुंडाळा, त्यावर जुनी सुती साडी किंवा पंचा, मागे कपड्याचा चिमटा. समोर आरसा, आणि हातात धरायचा दुसरा आरसा, तुळशीबागेत मिळतो.

मशीन सुरू करायच्या आधी दोन मिनिटं नुसते केस विंचरा आणि बोटं फिरवा. बोटांना मस, चामखीळ, फोड, जुन्या टाक्यांची खूण काय लागतं ते कळतं, तिथे गार्डशिवाय जायचं नाही. भोवरा कुठे आहे ते बघून ठेवा, कुणाला दोन असतात. भोवऱ्यापाशी केस सगळ्या दिशांना फिरतात, आजूबाजूला मारलेलाच नंबर तिथे मारला की मधेच चकती उघडी पडल्यासारखी दिसते, म्हणून तिथे एक नंबर मोठाच ठेवायचा.

आणखी एक खूण शोधायची. कंगवा डोक्याच्या बाजूला सपाट टेकवा आणि उभा वर सरकवत न्या. कपाळाच्या कोपऱ्याच्या उंचीवर कुठेतरी डोकं आत वळतं आणि कंगव्याचं वरचं टोक सुटून हवेत राहतं. ही जागा म्हणजे तुमची सरहद्द. मशीन इथपर्यंतच, याच्या वर सलूनवाल्याचं राज्य.

आता कापायचं

नियम एकच, मोठ्या गार्डने सुरुवात आणि मग खाली उतरायचं. नकाशा जरी "खाली दोन, वर तीन" असला तरी पहिला हात ४ चा फिरवा. फार काही निघणार नाही, पण हाताला डोक्याची ओळख होते आणि समोरचाही जरा सैलावतो.

गार्ड बसवताना टक असा आवाज आला पाहिजे, मग बोटाने ओढून बघा. अर्धवट बसलेला गार्ड मधेच निसटतो आणि मग मागच्या बाजूला पांढरा पट्टा उमटतो, त्याला उपाय नाही. आमच्या घरी सवय अशी आहे की मशीन डोक्याला लावायच्या आधी प्रत्येक वेळी मोठ्याने नंबर बोलायचा, "तीन लावलाय", आणि बसलेल्याने "हं" म्हणायचं. वेडेपणा वाटतो, पण कानाची कड करायला गार्ड काढलेला असतो आणि नंतर तसंच मशीन केसात घातलं जातं, हा प्रकार त्याने टळतो.

मानेपासून सुरुवात करा. समोरच्याने हनुवटी छातीकडे न्यायची. मशीन केसांच्या वाढीच्या उलट दिशेने, म्हणजे खालून वर, गार्ड डोक्याला सपाट टेकलेला, दाब अगदी हलका. हात सावकाश चालवा, घाई केली की मशीनला केस कापायला वेळच मिळत नाही आणि मधे मधे तुरे राहतात. सरहद्द जवळ आली की मशीन डोक्यावरून अलगद सोडवत बाहेर काढायचं, लोहगावच्या रनवेवरून विमान सुटतं तसं, आधी जमिनीला लागून आणि मग तिरकं वर. डोक्याचा बाक धरून वर वर जात राहिलात तर वरचे लांब केस कापले जातात आणि टोपी घातल्यासारखी रेघ पडते. सगळी खुबी या सोडवण्यात आहे, पहिले काही हात मशीन बंद ठेवून नुसते मारून बघितले तरी चालेल.

४ सगळीकडे फिरला की ३, तोही सरहद्दीच्या बोटभर खालीच सोडवायचा. मग २, हा कानाच्या वरच्या टोकाच्या रेषेपर्यंत आणि मागे डोक्याच्या हाडाचा उंचवटा हाताला लागतो ना, तिथपर्यंत. दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर थांबायचं म्हणजे फोटो समोर ठेवायचे. एक बाजू पूर्ण संपवून दुसरीकडे जाऊ नका, ४ दोन्हीकडे, मग ३ दोन्हीकडे, असं करत गेलं की बाजू सारख्या राहतात. मानेवर आणि कानामागे केस आडवे-तिरके वाढतात, तिथे नुसतं खालून वर करून भागत नाही, मशीन तिरकं धरून दोन्हीकडून जावं लागतं.

आता २ आणि ३ च्या मधे एक काळी रेघ दिसेल. दिसणारच, घाबरू नका. २ चा गार्ड ठेवा, लिव्हर उघडा, आणि फक्त त्या रेघेवर मशीनच्या ब्लेडचा कोपरा लावून छोटे छोटे, खालून वर झटकत हात मारा. रेघ फिकी झाली की थांबा. इथे माणसं जाम फसतात, एक रेघ काढायला जातात, ती थोडी वर सरकते, मग ती काढायला अजून वर, असं करत करत सरहद्द ओलांडून टाळूपर्यंत पोचतात. दोन प्रयत्नांत गेली नाही तर राहू दे, चार-पाच दिवसांत केस वाढले की ती आपोआप कमी दिसते.

कल्ले, कान, मान

गार्ड काढा, ट्रिमर घ्या. कल्ल्यांची उंची कानावरून मोजू नका, बहुतेक लोकांचे कान वरखाली असतात, खरंच बघा आरशात. समोरून दोन्ही कल्ल्यांवर दोन बोटं ठेवा आणि डोळ्यांच्या हिशोबाने सारखी करा. कान हाताने पुढे दुमडून मागची कड करायची, कातडी जरा ताणून धरायची, ब्लेड नुसतं टेकवायचं, खुपसायचं नाही.

मानेला जी मूळची रेघ आहे तिच्या वर जायचं नाही. नवशिक्याला चौकोनी, कडक मान आवडते, ती पहिल्या दिवशी झकास दिसते आणि आठवड्यात खाली खुरटं उगवलं की वाईट दिसायला लागते. त्यापेक्षा १ नंबर उघड्या लिव्हरने रेघेच्या आसपास फिरवा, मग गार्ड काढून फक्त रेघेच्या खालचं साफ करा. मान अशी विरत गेली की वाढलेले केस लवकर डोळ्यात भरत नाहीत. वस्तरा नको, घाम आणि कॉलर घासून बारीक पुटकुळ्या येतात.

स्वतःची मान स्वतः करणार असाल तर दोन आरसे लागतात आणि तरी हात उलट्या दिशेने जातो. बाजू स्वतःच्या स्वतः जमतात, मान दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

पोरं आणि आजोबा

लहान मुलाला मशीनच्या आकारापेक्षा आवाजाचीच भीती जास्त असते. आधी बंद मशीन हातात द्या, मग सुरू करून त्याची पाठ, म्हणजे ब्लेड नसलेली बाजू, त्याच्या तळहातावर टेकवा. गुदगुल्या झाल्या की पोरगं हसतं, तेवढ्यात मान करून घ्यायची. अर्ध्यात रडायला लागला तर थांबा, उरलेलं संध्याकाळी. अर्ध्या कटिंगने पोरगं दुपारभर खेळलं तर काही बिघडत नाही. तान्ह्या बाळाचं जावळ मात्र घरच्या मशीनने काढू नका, टाळू भरलेली नसते, बाळ हलतं, ते सवयीच्या माणसाकडून करून घ्यावं.

आजोबांची कातडी पातळ असते, कानामागे आणि मानेवर सुरकुत्यांमध्ये ब्लेड अडकतं, म्हणून शेवटपर्यंत गार्ड ठेवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर उघडं ब्लेड लावूच नका, कड जरा जाडी राहिली तरी चालते. श्रवणयंत्र काढून डबीत ठेवा, पण मग ओरडून बोलावं लागेल. आणि वार आधी विचारून घ्या, शनिवारी किंवा श्रावणात केस कापायचे नाहीत म्हणून आजोबा खुर्चीतून उठून गेले तर वाद घालण्यात अर्थ नाही.

नंतरचं

उठायच्या आधी मोबाईलचा टॉर्च बाजूने मारा, समोरून नाही. तिरक्या उजेडात पायऱ्या लगेच दिसतात. मग अंघोळ, केस वाळवा, आणि परत एकदा बघा, राहिलेले दोन-चार तुरे तेव्हाच उभे राहतात.

फरशीवरचे केस कोरडेच झाडून घ्या, पाणी टाकलंत की ते चिकटतात आणि बाथरूमच्या जाळीत जाऊन बसतात.

मशीनचं ब्लेड ब्रशने झाडा, दर वेळी. एकाच मशीनवर घरातले तिघं-चौघं असतील तर प्रत्येकानंतर ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्लेड पुसा आणि वाळू द्या, गजकर्ण आणि उवा अशाच एका डोक्यावरून दुसऱ्यावर जातात. कुणाला टाळूवर खाज किंवा चट्टा असेल तर आधी डॉक्टर, मग मशीन. त्यानंतर तेल: ब्लेडच्या दातांवर दोन-तीन थेंब आणि दोन्ही कडांना एकेक, दहा सेकंद मशीन चालवा, जास्तीचं पुसून टाका. सोबत आलेली छोटी बाटली संपली तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. खोबरेल नको. डिसेंबरात पुण्यात बाटलीतलं खोबरेल थिजतं, तेच ब्लेडच्या आत होतं आणि मग मशीन घरघरतं.

ब्लेड कधी काढून परत बसवलंत तर एक गोष्ट बघा, हलणाऱ्या ब्लेडचे दात खालच्या स्थिर ब्लेडच्या दातांपेक्षा किंचित मागे हवेत, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. बरोबरीला आले किंवा पुढे गेले तर कातडी कापते.

पुढची कटिंग तीन आठवड्यांनी. तोपर्यंत जुने टप्पे पुसट का होईना दिसत असतात, तुम्हाला फक्त त्यांच्यावरून परत जायचं असतं. पाच-सहा आठवडे गेले तर बाजू आणि वरचे केस एकमेकांत मिसळतात, सरहद्द सापडत नाही, अशा वेळी मशीन बाहेर काढूच नका, सरळ सलूनमध्ये जा आणि परत नंबर विचारून या.